सामन्यांचा नारळ

नारळ माझ्या पदरात पडला तवा माझी लेक माझ्या कडंवर होती, आन माझं सगळं ध्यान टाकीतल्या पान्याकडं होतं. पुढं सगळ्या गावानं इचारलं, कावून पुढं उभी राहिलीस, कावून पदर पसरलास. मी पसरला न्हाई. लेकीला ऊन लागू नये मनून पदर तिच्या डोक्यावरून पुढं वढलता, त्याची आपोआप झोळी झालती. एवढंच.

पन असं मधूनच सांगून कुनाला काय कळंल. मी सातवी शिकलेली, सांगायला बसले की सगळं एकदम तोंडात येतं आन मंग दम लागतो. पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या अंगाला. मी लगीन होऊन आले ती दुष्काळातच आले. माहेराहून येताना आईनं तांब्याची घागर दिलती, तिला काठापर्यंत पानी कसं अस्तं ते मी सासरी बघितलंच न्हाई. हिरी कोरड्या, हापसे कोरडे. मामा, मंजी माझे सासरे, गाय घिऊन चाऱ्याच्या छावणीत ऱ्हायचे. टँकर यायचा, पन त्याचं पानी गढूळ, उकळलं तरी डबक्याचा वास जायचा न्हाई. सगळ्या गावात चालू बोर एकच, दूध सोसायटीचा. दुधाचे क्यान धुवायला घेतलता, त्यालाच तेवढं पानी टिकलं. सोसायटीनं बायांना पाळ्या लावून दिलत्या. सकाळी आपल्या पाळीला जायचं, घागर भरायची, गप घरी यायचं. भांडन केलं तर पाळी जायची, मनून कुनी भांडतबी नव्हतं.

त्या उन्हाळ्यात लेक बसायला लागलती, आन तिला जुलाब लागले. टँकरच्या पान्यानंच लागले. केजला दवाखान्यात नेली तवा ती माझ्या हातात नुसती वल्ली चिंधी झालती. डाक्टरीनबाई मनल्या, "चांगलं पानी उकळून गार करून चमच्यानं पाजत राहायचं. थांबायचं नाही. पानी थांबलं की मूल हातचं जाईल." मी जीपमधी बसून घरी येईपर्यंत तेच मनत आले, थांबायचं न्हाई, थांबायचं न्हाई. तवापासून सोसायटीच्या बोरचं पानी मंजी माझ्यासाठी लेकीचा श्वासच झालता. घागर किती रिकामी झाली ते मी दिवसातून सारखं बघायची. आत्या, माझ्या सासूबाई, मनायच्या, "घागरीत बघून पानी वाढत न्हाई गं."

दूध घालायला सोसायटीत गेलं की तिथं टीव्ही होता. दूध नव्हतंच फार, गुरं छावणीत, तरी सांजच्याला किटली घिऊन मानसं यायचे, टीव्ही बघायचे. एक दिवस बातम्यात दाखवलं, आपल्या देशातल्या मोठ्या शहराला जगाचे खेळ आपल्याकडं भरवायचेत, दुसऱ्या देशातली शहरंबी तेच मागायलेत, मनून टोपीवाले साहेब लोक बघत फिरायलेत.

आमच्यात माळ घातलेले एक आबा हायेत, सप्ताहाचं सगळं तेच बघतेत. त्यांनी इचारलं, "हे टोपीवाले कोन?"

सोसायटीचे चेरमन मनले, "जगाच्या खेळाची कमिटी. शहर बघायचं, मैदान बघायचं, मानसं कुठं झोपतेल ते बघायचं. ज्याचं बरं दिसंल त्याला खेळ द्यायचे."

"मंजी नारळ द्यायला आलेत."

"तसंच समजा, आबा."

"मंग पानी किती हाय त्या शहरात? पहिलं ते इचारा."

सगळे खदखदा हसले. एक जन मनला, "आबा, तिथं पवायचा तलाव गच्चीवर अस्तो. तुमी पान्याचं काय घिऊन बसलाव!"

नारळाचं सांगायला पाहिजे. आमच्या मुलखात गडावरच्या महाराजांचा मोठा हरिनाम सप्ताह दरसाल नव्या गावात बसतो. ज्या गावाला पुढच्या सालचा मान, त्या गावच्या मानसाच्या पदरात महाराज शेवटी काल्याच्या दिवशी नारळ टाकतेत. त्याच्यासाठी गावंच्या गावं हात जोडून उभी ऱ्हातेत, वर्षानुवर्षं मागतेत. नारळ पदरात पडला की माघारी फिरत न्हाई. आन आमच्या गावाची रीत अशी की ज्याच्या पदरात पडंल त्यानं तिथंच उभं राहून तीन गोष्टी मोठ्यानं कबूल करायच्या, निवारा आमचा, भाकर आमची, पानी आमचं. बोलला की गाव बांधलं गेलं. न बोलता नुसता नारळ घिऊन चालत न्हाई.

तर टीव्हीवर त्या शहरांची मैदानं दाखवली. माय गं. एवढं हिरवं गवत मी जन्मात बघितलं नव्हतं. त्या गवतावर एक नळी आपली आपनच गरगर फिरायली आन पानी उडवायली. गुरांच्या न्हाई, मानसाच्या न्हाई, नुसत्या खेळायच्या गवताला पानी. बाकीच्या बाया मनल्या, बघा की मेले, कसे नासायलेत. मला राग आला न्हाई, खरं सांगते. मला लई नवल वाटलं. मी लेकीचं तोंड टीव्हीकडं केलं आन मनलं, बघ, जगात एवढं पानी हाय. कुठं तरी हाय. मला त्याचाच धीर आला.

चेरमन माझे चुलतसासरे. मानूस वाईट न्हाई. सोसायटी त्यांनी उभी केली, गावात टीव्ही त्यांनी आनला, बोरची जागाबी त्यांनीच धरली. पन त्यांच्या डोक्यात एकदा काय शिरलं की निघत न्हाई. ते उठून उभे ऱ्हायले आन मनले, "राज्याचे कबड्डीचे सामने यंदा खेड्यात घ्यायचेत. गावं बघायला कमिटी फिरनार हाय. आपुन मागू."

"आपुन? इथं प्यायला न्हाई चेरमन, आन सामने?" मागून कुनीतरी इचारलं.

"शहरं जगाचे खेळ मागतेत ते काय त्यांचं सगळं भागलंय मनून मागतेत का? खेळ आले की रस्ते येतेत, लाईट येती. आपल्याकडं सामने आले तर पाईपलाईन येईल. नुसतं पानी द्या मनून वरडून दुष्काळी गावाकडं कोन बघतंय बे? पाव्हना येनार मनलं की घर सारवतेत, तसं हाय हे."

त्यात खोटं काय होतं? मलाबी पटलं. घरी आले तर हे, मंजी लेकीचे पप्पा, दारात उभेच. यांना कुनीतरी आधीच सांगितलतं. हे लगनाच्या आधी कबड्डी खेळायचे, चढाईला जायचे, पार औरंगाबादपर्यंत खेळून आलेले. गुडघ्यावर अजून खुना हायेत. मला मनले, "आपल्या मातीत सामने गं! मी लांबच्या गावात जाऊन खेळलो, कुनी वळखीचं टाळी वाजवायलाबी नसायचं. आता सगळं गाव बघंल." यांचं तोंड असं उजळलेलं मी लेक झाली तवा बघितलतं, त्याच्यानंतर न्हाई.

मंग गाव कामाला लागलं, आन ते बघून मी दंग झाले. जी दोन घरं बांधाच्या भांडनावरून एकमेकाच्या मयतीला गेली न्हाईत ती एकाच शिडीवर उभी राहून शाळेला चुना द्यायली. मैदानातले दगड बायांनी वेचले. यांनी नदीतली लाल माती आनून चाळली, धुरळा बसावा मनून टँकरचं गढूळ पानी शिंपडलं, पायानं तुडवून असं मऊ केलं की लेकीला त्याच्यावर निजवावी. घराघरातून भाकरी कबूल झाल्या. मुसलमान गल्लीतल्या मिस्तरीनं भोंगे फुकट लावून दिले. एवढ्याशा गावातली मानसं, दोन वर्षं झाले नुसते टँकरच्या वाटंकडं बघत बसलेले, आन आता रस्त्यानं चालायलेत तर जनू लगीनघर. मी मनात मनायची, मानूस कशानं जगतो ते काय सांगता येत न्हाई बाई.

पन कमिटीच्या लोकांनी निरोप दिलता की पान्याची सोय डोळ्यानं बघनार. शाळेमागं शिमिटाची टाकी हाय, उंच, पायऱ्यावाली. दुष्काळ पडल्यापासून कोरडी होती, त्याच्यात पारवे ऱ्हायचे. चेरमननी पारवे हाकलले, टाकी धुवून घेतली आन बोरचं पानी टाकीत सोडलं. बायांच्या पाळ्या बंद. टाकीच्या नळाच्या तोटीला तार गुंडाळली.

"थोडी कळ काढा," मनले. "कमिटी गेली की पानी तुमचंच. तवर टँकरवर भागवा."

बायांनी कळ काढली. मीबी काढली असती. पन लेकीला टँकरचं उकळून दिलं की ती ओकायची, आन घरात बोरचं पानी तेवढं एका घागरीत राहिलतं. मी त्याच्यावर ताट झाकलं, ताटावर दगड ठिवला, आन कुनाला हात लावू देईना. आत्यांनाबी न्हाई. यांना मनलं, "एक तांब्या तरी टाकीतला आना की."

"चेरमननी गावापुढं सांगितलंय, कुनालाच न्हाई. आमच्याच घरानं नेलं तर लोक काय मनतेल?"

"लेक ओकायलीय."

"टँकरचं अजून उकळ. फडक्यातून गाळ."

हे मनले. त्यांनाबी कळत होतं. मग मनले, "पाईपलाईन आली की तुला घरात नळ, बघ." मी काय मनू? मला नळ नको होता का? पन नळ पुढं कवातरी येनार, आन घागर आज रिकामी व्हायली.

कमिटी यायच्या दिवशी सकाळी घागर वाकडी करून वाटी भरली. खाली राहिलं ते नुसतं गाळासारखं. लेक वाटीभर पियाली आन अजून पाहिजे मनून हात मारायला लागली. तिचे डोळे परत आत गेलते. ओठ कोरडे.

सवाष्णींनी औक्षन करायचं ठरलतं, मनून आमाला शाळंपाशी बोलावलं. मी लेकीला घिऊन टाकीच्या पायऱ्या चढून गेले, नुसतं बघायला. वर जाऊन वाकून बघितलं. टाकी काठोकाठ. हलत न्हाई, आवाज न्हाई. त्याच्यात आभाळ, आभाळात घार फिरायली. एवढं पानी एका जागी! मला वाटलं ही टाकी न्हाई, देऊळच हाय, इथं मोठ्यानं बोलू नये. लेक खाली झेप घ्यायली, दोन्ही हात पान्याकडं. तिला मी घट्ट धरली आन खाली उतरले. खाली तोटीला तार तशीच होती.

जीपा आल्या. पहिल्या जीपमधून एक बाई उतरल्या आन मी बघतच राहिले. उंच, पार दाराच्या चौकटीएवढ्या, केस पांढरे फेक, नऊवारी न्हाई, साधी सुती साडी, आन साडीखाली खेळायचे बूट. एका पायानं लंगडायच्या. यांनी मला हळूच सांगितलं, ह्याच कमिटीच्या मुख्य, लई मोठ्या खेळाडू होत्या, गुडघा मैदानातच गेला. मागच्या गाडीतून त्यांनी पोरी आनलत्या, मैदान खेळून बघायला. चड्डीवाल्या पोरी, केस बारीक कापलेले. आत्या मनल्या, "अगं बया, ह्या कुनाच्या?" आन तोंडाला पदर लावला. पन पदराच्या वरून बघायचं काय सोडलं न्हाई.

पोरी खेळल्या. माझ्याच्यानं ते सांगवत न्हाई नीट. एक काळी, बारीक पोरगी चढाईला गेली. कबड्डी कबड्डी कबड्डी, तिचा आवाज बारीक तारंसारखा, तुटायलाच तयार न्हाई. तिकडच्या पोरींनी पाय धरला, कंबर धरली, ती लाल मातीत पडली, तोंडात माती गेली, तरी आतून आवाज येतोच, कबड्डी कबड्डी, आन हात लांब करत करत मधल्या रेघंला टेकवला. मंग सोडला श्वास. सगळं गाव वरडलं. मी वरडले न्हाई, मी रडायले. मला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागती. एवढा दम मानसाच्या अंगात, बाईमानसाच्या अंगात अस्तो? हे माझ्याकडं बघून हसले, हात सगळे लाल मातीचे. त्यांची माती पास झालती.

मंग सगळे शाळंपुढं. बाईंनी टाकी बघितली, पायऱ्या चढून, लंगडत. चेरमननी त्यांना शाल दिली, नारळ दिला, भोंग्यावर बोलले. आमी ताटं घिऊन वळीत. बाई एकेकीच्या पुढं येऊन कुंकू लावून घ्यायच्या. माझ्यापुढं आल्या आन थांबल्या. लेकीला बघितलं.

"मुलगी?"

"व्हय."

"पहिलीच?"

"व्हय."

"आजारी आहे का गं?"

मी मान हलवली. बाईंनी तिच्या गालाला हात लावला, मंग शाल आपल्या खांद्यावर टाकली आन हातातला नारळ सरळ माझ्या पदरात ठिवला. "माझ्याकडून लेकीला. मोठी झाली की खेळायला पाठव."

त्यांच्या मनात तेवढंच होतं. पन आमच्या गावानं काय बघितलं? कमिटीच्या मुख्य बाईंनी सगळ्यांपुढं आमच्या गावच्या सुनंच्या पदरात नारळ टाकला!

आबांनी दोन्ही हात वर केले. "दिला! नारळ दिला!"

मंग काय इचारता. हलगी कडाडली. कुनीतरी गुलाल उधळला, तो बाईंच्या पांढऱ्या केसावर. पोरं नाचायली. यांनी चेरमनला उचललं. कमिटीतला एक चष्मेवाला हात हलवत वरडायला, "अहो, काय चाललंय! अजून दोन गावं बघायचीत! काही ठरलेलं नाही!"

आबा त्याच्या अंगावर गेले. "मंग नारळ कावून दिला?"

"सत्काराचा होता तो!"

"सत्काराचा आमी दिला. तुमी घरी न्यायचा. तुमी तो पदरात टाकलाव. आता कसं बोलताव?"

बाईंनी गुलाल पुसला, हसल्या, इचारलं काय भानगड हाय. चेरमननी सांगितलं, नारळाची रीत, तीन गोष्टीचं कबूल करनं. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मंग मनल्या, "असं आहे तर रीत पुरी तरी होऊ दे. बोल गं. मला ऐकायचंय."

चेरमननी भोंग्याचा माईक माझ्या तोंडापुढं धरला. एवढी मानसं माझ्या तोंडाकडं कवाच बघत नव्हती, लगनातबी न्हाई. माझे पाय लटलटले.

"निवारा आमचा," मी बोलले. माझाच आवाज भोंग्यातून शाळंवरनं फिरून परत आला, मी दचकले.

"भाकर आमची."

हलगीवाल्यानं टिपरू उचलून धरलतं. आता एकच राहिलं. लेकीनं पदरातल्या नारळाला तोंड लावलतं, चाटायली, कोरड्या जिभंनं. मी तिला सावरली तर नारळातलं पानी आत डुचमळलं. तो आवाज तिनं ऐकला आन मी ऐकला.

मला तो शब्द बोलताच येईना. मी ठरवून थांबले न्हाई. माझं नरडंच बंद झालं. मागून आत्या मनल्या, "बोल की माय, पानी." यांच्याकडं बघितलं तर ते नुसते ओठ हलवून मला शब्द सुचवायले, जनू मी इसरलेय. शेवटी जे आलं ते भोंग्यातूनच बाहेर पडलं.

"पानी न्हाई मला बोलवत. टाकीतलं पानी आमच्या पाळ्यांचं हाय. माझी घागर आज रिकामी झाली. हे तुमाला कबूल केलं तर माझी लेक काय पिईल?"

भोंग्यानं ते सगळ्या शिवारात पसरवलं. मला वाटलं आता जिमिनीनं मला पोटात घ्यावं. चेरमनचा माईकवाला हात खाली गेला.

बाईंनी चेरमनकडं बघितलं. चेरमन बारीक आवाजात मनले, "सामने आले असते तर पाईपलाईन आली असती हो बाई. मी माझ्यासाठी न्हाई केलं." त्यांच्या डोळ्यात पानी आलतं. मोठ्या मानसाला मी असं कवा बघितलं नव्हतं, मला लई वाईट वाटलं.

"माहितीय," बाई मनल्या. "पाइपलाइन येणार, हे मी पुष्कळ गावांत ऐकलंय, चेअरमन. सगळे खरंच बोलत असतात." मंग आबांकडं वळून मनल्या, "आमच्या खेळात दम तुटला की चढाई तिथंच संपते. हिचा पाण्यावर तुटला. आता पंचांनी काय करायचं?"

आबांनी माळ चाचपली. "संपली," मनले. पन बाई नारळ माघारी घ्यायला वाकल्या, तर आबा आडवे आले. "ते चालायचं न्हाई. सामने नका देऊ. नारळ फिरत न्हाई. तुमी दिलाव ते दिलाव. आज न्हाई तर कवातरी तुमाला यावंच लागंल."

चष्मेवाला हसला. बाई हसल्या न्हाईत. त्यांनी आबांना हात जोडले आन मनल्या, "कबूल."

आन मंग आत्या. माझी सासू, जिनं त्या पोरींना बघून पदर तोंडाला लावलता. ती टाकीपाशी गेली, तोटीची तार दातानं वढून सोडली, आन वरडली, "आता काय बघत बसलाव! पोरी मातीत लोळल्यात, त्यांना पहिलं पाजा. पाव्हन्याला तहानलेलं वाटंला लावतेत का दारातून?" पहिला तांब्या माझ्याच हातात दिला. मी तो त्या बारीक पोरीला नेऊन दिला. तिनं अर्धाच पियाला. उरलेला माझ्याकडं केला, लेकीकडं बघून. मी लेकीच्या तोंडाला लावला. डाक्टरीनबाईनी उकळून पाजायला सांगितलतं, पन त्या टायमाला काय सुचतंय. लेक गटागटा पियाली, नाकात गेलं, खोकली, परत पियाली. मंग बायांची वळ लागली. पाळी न बघता, भांडन न करता.

घरी आले. हे अंगनात बसलेले, हात धुतले नव्हते, माती वाळून तडकलती. मी चूल पेटवली, भरलेली घागर उतरवली, पानी उकळायला ठिवलं. हे माझ्याकडं बघंनात. मला वाटलं आता मला माहेरी पाठवतेत.

"आपल्या दारात आले असते सामने," यांनी मनलं.

"व्हय."

"मी मातीत एक खडा ठिवला नव्हता."

"मला ठाव हाय."

हे मंग उठले, चुलीपाशी आले, वाटीत उकळलेलं पानी घेतलं आन फुकून फुकून गार करायला लागले. लेकीला मांडीवर घिऊन चमच्यानं पाजलं. लाल माती तिच्या झबल्याला लागली, ती मी धुतली न्हाई किती दिवस. धुवायला पानी नव्हतं, आन मला धुवावीबी वाटली न्हाई.

सामने दुसऱ्या गावाला गेले, नदीकाठच्या. हे बघायला गेलते. आल्यावर एवढंच मनले की माती आपली जास्त मऊ होती. लेकीनं हळूहळू अंग धरलं, आता रांगती. पाईपलाईन काय आली न्हाई, पाळ्या चालू हायेत. चेरमननी त्या दिवसापासून लहान लेकरं असलेल्या बायांची पाळी पहिली लावली, मला तोंडानं काय मनले न्हाईत. नारळ मारुतीच्या देवळात हाय, लाल फडक्यात बांधून, सप्ताहाच्या नारळाशेजारी. आबा शनवारी फडकं सोडून बघतेत. आतलं पानी आटायलंय मनतेत, पन नारळ नारळच.

परवा सांजच्याला दूध घालायला गेलते. टीव्हीवर परत तेच, जगाचे खेळ. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या शहरानं खेळ मागितले होते, सगळी तयारी केलती, आन आता माघार घेतली. तिथल्या मानसांनाच इचारलं मने, आन मानसं न्हाई मनली.

आबा किटली खाली ठिवून मनले, "मंजी त्यांच्यातबी तिसऱ्या शब्दाला कुनीतरी अडकलं."

कुनी हसलं न्हाई. एकदोघांनी माझ्याकडं बघितलं. टीव्हीवर ते शहर दाखवायले, नदी एवढी मोठी की पलीकडचा काठ दिसंना, उंच उंच घरं, रस्त्यावर धुतल्यासारखा उजेड. एवढं पानी असून तिथं कुनाला काय कमी पडलं असंल? काय बोलायचं राहिलं असंल त्या अडकलेल्या मानसाच्या नरड्यात? मला वाटलं बाईच असनार ती. कडंवर लेकरू असनार. तिला माईकपुढं उभी केली असंल आन तिचे पाय माझ्यासारखेच लटलटले असतेल. मला तिचं तोंड एकदा बघायचं होतं. आता दाखवतेल, आता दाखवतेल मनून मी किटली तशीच हातात धरून उभी राहिले, लेक माझे केस वढायली. पन तेवढ्यात साबनाची जाहिरात लागली.